मदत हवी आहे: घरकामाला जुंपणारी गाणी आणि खेळ सुचवा

मंडळी, आम्ही इंदूरचे. घरात अकरा वर्षांची लेक, सात वर्षांचा मुलगा, नवरा आणि सासरे.

इथे रोज सकाळी महापालिकेची कचरागाडी स्वच्छतेचं गाणं वाजवत येते. ते कोपऱ्यावर ऐकू आलं रे आलं की धाकटा ओल्या-सुक्याच्या दोन्ही बादल्या उचलून पळत सुटतो. एरवी हाच मुलगा चार हाका मारल्याशिवाय जागचा हलत नाही. म्हटलं, बाकीच्या कामांनाही गाणी लावून बघू.

झालं काय, की गाणं संपायच्या आत कोणाची भांडी आधी विसळून होतात याची शर्यत लागली. मोठी दर वेळी जिंकते, धाकटा भोकाड पसरतो, मी पंच. आणि कपांना साबण तसाच!

सासऱ्यांचा हट्ट, लावायचं तर शास्त्रीय गायक उस्ताद अमीर खाँ. आपल्या इंदूरचंच घराणं आहे, मान्य. पण झूमरा तालाच्या चौदा मात्रा, त्याही अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ. फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येईस्तोवर पोछा वाळतो. नवऱ्याने गाणी लावायचं खातं स्वतःकडे घेतलंय. सोफ्यावरून उत्तम सांभाळतो.

जमलं ते एकदाच, भुट्ट्याचा कीस करताना. सगळे गोल बसलो, सासऱ्यांनी जात्यावरच्या ओवीची चाल धरली आणि ज्याच्या हातात किसणी त्याने पुढची ओळ जुळवायची. धाकट्याने "किसणीबाई चावली, आजोबांना घावली" असं काहीतरी जोडलं. हसता हसता पातेलं भरलं.

असं रोजच्या कामात कसं आणायचं? कपड्यांच्या घड्या आणि फरशी, या दोन कामांवर घोडं अडलंय.

प्रतिसाद १ (बडोद्याहून): दोघांना एकमेकांविरुद्ध नका लावू, दोघं मिळून गाण्याविरुद्ध. गाणं संपेपर्यंत टोपली रिकामी झाली तर दोघंही जिंकले. आमच्याकडे घड्यांनंतर भोंडल्यासारखी खिरापत असते, डबा वाजवून ओळखायची. नवरात्राची वाट कशाला बघायची?

प्रतिसाद २: खाँसाहेबांचे द्रुत, म्हणजे जलद लयीतले, तराणे लावा की! फरशीला तेच. विलंबित ख्याल पितळी भांडी घासायला ठेवा, तिथे घाई नसतेच. आणि स्पीकर लेकीच्या ताब्यात द्या, मग बघू साहेब सोफ्यावर काय करतात.

धागाकर्ती: तराणे! सासरे आत्ताच खूश झालेत. स्पीकरचं रविवारी करून बघते.