शनिवारचा बँड अन् पडद्यावरचे घोडे

कुलकर्णी ताई बी-३०२: नमस्कार सर्वांना. रागावून लिहीत नाहीये, पण शनिवारच्या कार्यक्रमासाठी शाळेच्या बँडची, मागं पडद्यावर ओंकारनं जोडलेल्या सिनेमाच्या क्लिपा लावून झालेली कालची तालीम बघून आल्यापासून डोकं फिरलंय. बँड संपला, पोरं सलाम ठोकून उभी, अन् पडद्यावर घोडे पळायलेतच! कोणी बंदही करेना. पालक फिदीफिदी हसायले, पोरगी घरी येऊन रडली. ओंकार बाळा वाईट वाटून घेऊ नको, पण शनिवारी असंच झालं तर?

ओंकार पवार: काकू व्हिडिओ बरोबर आहे. बँडच्या सरांनीच सांगितलं ३६० ठोके, मिनिटाला १२०, म्हणजे ३ मिनिटं. दर चार ठोक्यांना म्हणजे २ सेकंदाला कट बसवलाय. पोरं ठेका पळवायलीत त्याला मी काय करू

कुलकर्णी ताई बी-३०२: सातवीची लेकरं आहेत रे ती, मशीन नाहीत.

काळे काका ए-१०१: माझं एकच म्हणणं आहे. प्रोजेक्टर सोसायटीचा आहे. गणपतीत दिला तर रिमोट परत आला नाही. आता शाळेला कामून द्यायचा?

जाधव सी-१०३: टँकर आला का कोणी बघितला का

पवार वहिनी: ओंकार परीक्षा सोडून रात्र रात्र बसलाय, एक रुपया घेतला नाही. ज्यांना जमतं त्यांनी करून दाखवावं 🙏

कुलकर्णी ताई बी-३०२: वहिनी, मी कौतुकच केलंय की. वर वाचा.

शेख भाई सी-२०४: भांडू नका हो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हे लै वेळा बघितलंय. स्टेजवर चढलं की लय चढतेच, मोठ्यांची पण. १२० ची १२८ झाली की कानाला कळतही नाही, पण ३६० ठोके १६९ सेकंदात संपतात. उरले ११ सेकंद, तेच तुमचे घोडे 😄 एकच लांब व्हिडिओ लावूच नका. सहा तुकडे करा, प्रत्येकाची शेवटची फ्रेम थांबवून ठेवा, सरांनी इशारा केला की पुढचा दाबायचा. मूकपटाच्या जमान्यात वाजवणारे पडद्याकडे बघून वाजवायचे, इथं पडद्यानं पोरांकडं बघायचं.

ओंकार पवार: मग माझे कट ठोक्यावर पडणार नाहीत ना भाई. सगळी मजा त्यातच आहे

शेख भाई सी-२०४: अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात दोनच सेकंद सरकतं. ठोक्यावरचे कट फक्त साईड ड्रमच्या त्या छोट्या जागेत ठेव. बाकी पाऊस, रेल्वे, गर्दी असले लांब शॉट घे, ते कशावरही चालतात. अन् क्लिपांचा आवाज पूर्ण बंद कर, काल डायलॉग अन् बिगुल एकदमच चालू होते.

मोरे आजी: देवाचे सीन टाका बाळांनो

जाधव सी-१०३: आजी आमच्या मोरे काकांना विचारा, त्यांना जुन्या हिरॉइनी पाहिजेत 😂

मोरे काका: जाधव, तुम्ही मेंटेनन्स भरा आधी.

काळे काका ए-१०१: विषय भरकटू नका. प्रोजेक्टर सोसायटीचा आहे. रिमोटचं काय झालं?

देशपांडे वकील ए-३०४: एक कायद्याचं. शाळेच्या कार्यक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक अन् शाळेशी संबंधित माणसं असतील तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सिनेमा दाखवायला सूट आहे. पण चौकात ‘सर्वांना सस्नेह आमंत्रण’ असा फ्लेक्स लागलाय, तो कोणाच्या डोक्यातून निघाला? सगळं गाव बोलावलं तर ती सूट धरता येणार नाही. यूट्यूबवर टाकणं तर वेगळंच प्रकरण.

मोरे काका: फ्लेक्स मी लावला. साहेब येणारेत. काढणार नाही.

देशपांडे वकील ए-३०४: साहेबांना या म्हणा, गावाला नको. नाहीतर जुनं वापरा. सिनेमाचा हक्क ६० वर्षं. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’, दोन्हींची मुदत कधीच संपली. गाण्यांचं मात्र वेगळं असतं, पण आवाज बंदच ठेवायचाय.

मोरे आजी: तुकाराम घ्या. वैकुंठाला जातात तो सीन.

ओंकार पवार: आजी भारी!! शेवटच्या तुकड्याला तोच टाकतो. फक्त जुना सिनेमा चौकोनी येतो, बाजूला काळ्या पट्ट्या दिसतील, ताणला तर सगळे जाडे दिसतात

कुलकर्णी ताई बी-३०२: पट्ट्या चालतील. बटण कोण दाबणार ते ठरवा. सर हात वर करतात तेव्हा हा मोबाईलमध्ये असतो.

पवार वहिनी: ताई परत तेच.

काळे काका ए-१०१: प्रोजेक्टर सोसायटीचा

सेक्रेटरी: काका, रजिस्टरवर मोरेंची सही घेऊन देतोय, रिमोटचे पैसे गणपती मंडळ भरेल, मी बोललोय. शुक्रवारी संध्याकाळी ६ ला हॉलमध्ये तालीम, पोरांना ड्रेस नको, फक्त वाद्यं. बटण शेख भाई दाबतील, ओंकार शेजारी बसेल. तुकडे दोन पेनड्राइव्हवर आणा, एक बंद पडतोच. फ्लेक्सचं मोरे काका अन् वकील साहेबांनी फोनवर बोलून घ्या, ग्रुपवर नको.

जाधव सी-१०३: अन् टँकर?

सेक्रेटरी: खाली उभाय. पाईप धरायला या.