कोफॅक्स ओव्हररेटेड? काहीही!

चहाबाज: काल इथे कोणीतरी ठोकून दिलं की बेसबॉलमधला डावखुरा पिचर (बॉल टाकणारा) सँडी कोफॅक्स ओव्हररेटेड, शेवटची सहा वर्षं बरी गेली नि तिशीत घरी बसला, खरा पिचर नोलन रायन, 27 सीझन खेळला. घरी बसला म्हणे! 1966 ला, शेवटच्या सीझनला, 27 विजय, इआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन्स, जितके कमी तितकं चांगलं) 1.73, आणि डाव्या कोपरात संधिवात इतका की कॉर्टिझोन टोचून घेऊन टाकायचा. रायनला साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) एकदाही नाही, कोफॅक्सला तीन, तेही अमेरिकेतल्या दोन्ही लीग मिळून एकच द्यायचे तेव्हा.

टेक्सासचा_दादरकर: ठोकून देणारा मीच. कोफॅक्सचे पहिल्या सहा वर्षांत 36 विजय, 40 पराभव, ते सोयीस्कर गाळलंत. माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) पण तेव्हा 15 इंच होता, 1969 ला 10 केला, म्हणजे रायनचं जवळपास सगळं करिअर खालून. आणि 1987 बघा, नॅशनल लीगमध्ये सगळ्यात कमी इआरए रायनचा, रेकॉर्ड 8-16, म्हणजे 8 विजय, 16 पराभव! टीमने रन्सच केले नाहीत तर त्याने काय बॅट घेऊन पण उभं राहायचं?

चहाबाज: तेव्हा नॅशनल लीगमध्ये पिचर बॅटिंग करायचेच हो 😄

निमाताई: तुमचं चालू द्या. माझ्या मुलाला कोच एकाच वीकेंडला दोन मॅचमध्ये पिचिंग करायला लावतो, कोपर सुजलंय, बोललं तर म्हणतो टफ व्हायला पाहिजे.

जुना_फॅन: बरोबरच बोलतो कोच. कोफॅक्सने 1966 ला 323 इनिंग टाकल्या, आताचे मॅचच्या नऊपैकी पाचव्या इनिंगला दमतात, लाड झालेत नुसते.

निमाताई: आणि त्याच वर्षी त्याचं करिअर संपलं, ते कोण सांगणार? हात गेलेले गुपचूप घरी जायचे म्हणून तुम्हाला फक्त टिकलेले आठवतात. टॉमी जॉन, तोही पिचर, त्याच्या कोपराचा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) 1974 ला गेला, ऑपरेशन करून उजव्या हाताचा टेंडन (स्नायूची दोरी) डाव्या कोपरात बसवला तेव्हा कुठे परत आला. माझा मुलगा शाळेत आहे हो, त्याला का कापून घेऊ?

जुना_फॅन: परत येऊन 164 मॅच जिंकला ना पण!

निमाताई: मग तुमच्या नातवाला पाठवा त्या कोचकडे.

टेक्सासचा_दादरकर: ताई, कोच बदला, सरळ. चहाबाज, 1965 च्या वर्ल्ड सिरीज फायनलची सातवी मॅच, कोफॅक्सचा दोन दिवसांच्या विश्रांतीवर, कर्व्ह (वळणारा बॉल) पडत नाही म्हणून नुसत्या फास्टबॉलवर शटआउट (एकही रन न देता विजय), एवढं देतो तुम्हाला. 8-16 चं उत्तर मात्र विनोदावर नेलंत.