मॅक्रोची बेरीज भलत्याच ओळीत का येते?

प्रश्न: रोज येणाऱ्या एक्सेल फाइलमधील रिकाम्या ओळी काढून शेवटी बेरीज मांडण्याचा मॅक्रो (एकदा नोंदवलेली कामे आपोआप पुन्हा करणारा आदेशसंच) मी रेकॉर्ड केला, परंतु २०० ओळींवर नोंदवलेला तो मॅक्रो आज ३४० ओळींवर चालवला असता बेरीज २०१व्या ओळीत, म्हणजे माहितीच्या मधोमध, येऊन बसली. काय चुकले असावे?

उत्तर १: रेकॉर्डर आपला हेतू नव्हे, तर सेलचे पत्ते नोंदवतो. म्हणून मॅक्रोच्या कोडमध्ये शेवटची ओळ शोधताना शीटच्या तळापासून, म्हणजे १०,४८,५७६व्या ओळीपासून, वर यावे. कारण वरून खाली येताना मधल्या पहिल्या रिकाम्या सेलपाशीच शोध थांबतो.

उत्तर २: माझ्या मते बेरजेपुरता कोड नकोच. कंट्रोल-टी दाबून माहितीचे टेबल करावे आणि कंट्रोल-शिफ्ट-टीने बेरजेची ओळ आणावी. ओळी कितीही असल्या तरी ती तळाशीच येते.

उत्तर ३: मॅक्रोने केलेले बदल कंट्रोल-झेडने मागे घेता येत नाहीत (हे मी मूळ फाइल गमावून शिकलो), म्हणून आधी प्रत काढावी आणि मॅक्रोची फाइल एक्सएलएसएम (मॅक्रोसह जतन होणाऱ्या एक्सेल फाइलच्या) स्वरूपातच जतन करावी.

प्रश्नकर्ता: टेबल केल्यावर बेरीज योग्य जागी आली. रिकाम्या ओळींपुरता मॅक्रो ठेवला आहे.