मदत हवी आहे : मॉर्फीनमुळे आईचं पोट साफ होत नाही, फिजिओथेरपीचा उपयोग होतो का?

नमस्कार. विषय संकोचाचा आहे, पण आमच्या घरात सध्या याशिवाय दुसरं बोलणंच नाही.

आईला (वय ६४) स्तनाचा कॅन्सर आहे आणि तो कमरेच्या मणक्यांत पसरलाय. तीन महिन्यांपासून मॉर्फीनच्या गोळ्या चालू आहेत. दुखणं आटोक्यात आलं, पण चार-चार दिवस पोट साफ होत नाही. झालंच तर खड्यांसारखं, तेही कुंथून कुंथून. सुरुवातीची मळमळ आणि गुंगी ओसरली, तसं हेही ओसरेल असं मी धरून चालले होते. डॉक्टर म्हणाले, याची शरीराला सवय होत नाही. गोळी आहे तोवर आतडं सुस्तच राहणार.

परवा उशीखाली तीन गोळ्या सापडल्या. "दुखलेलं परवडलं, पण ते कुंथणं नको," म्हणाली. म्हणून हा धागा.

पोट साफ होण्यासाठी रात्री सेनाची (सोनामुखी) गोळी आणि सकाळी लॅक्टुलोजचं पातळ औषध, ही दोन रेचकं चालू आहेत. मध्ये आम्ही आपल्या मनाने इसबगोल दिलं, तर पोट आणखी फुगलं. (मॉर्फीनवर असलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला ते द्यायचं नसतं, हे नंतर कळलं.) केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी असतात, म्हणून एनिमाला सक्त मनाई आहे.

पोटाच्या मसाजने फरक पडतो का? व्हिडिओंमध्ये गुडघे छातीशी घेऊन कंबर दोन्ही बाजूंना पिळायला सांगतात, त्याची मला भीती वाटते. चालणं म्हणाल तर पलंगापासून बाथरूमपर्यंत, तेवढंच.

प्रतिसाद :
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण पेशंट न बघता लिहितेय हे लक्षात असू द्या. कंबर पिळणं आणि गुडघे ओढणं आजच बंद करा. ठिसूळ मणक्याला ते झेपणार नाही.

मसाजआधी डॉक्टरांना विचारा : पोटात गाठ किंवा पाणी आहे का, प्लेटलेट किती आहेत, आतडं कुठे अडलेलं नाही ना. त्यांनी हो म्हटलं तर हलक्या तळव्याने उजव्या जांघेपासून वर बरगडीपर्यंत, तिथून आडवं डावीकडे, मग खाली. रोज दहा-पंधरा मिनिटं. मोठ्या आतड्याची वाट तशीच आहे, उलट फिरवू नका. औषधं मात्र चालूच ठेवायची, मसाज त्यांच्या जोडीला.

माझ्या मते खरा फरक बसण्याने पडतो. कमोडवर बसल्यावर पायांखाली वीतभर उंचीचं, न हलणारं स्टूल द्या, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. त्याने गुदद्वारामागचा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. श्वास रोखून जोर लावायचा नाही. पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायचा आणि सोडताना हलका जोर. नाश्त्यानंतर अर्ध्या तासात बसवा, खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं. काही जण जोर लावताना नेमका तोच स्नायू आवळतात. तसं असेल तर प्रत्यक्ष तपासून शिकवावं लागतं.

प्रतिसाद :
ताई, आमच्याकडे सात दिवसांनी पातळ व्हायला लागलं. जुलाब समजून आम्ही रेचक बंद केलं. प्रत्यक्षात आत खडा अडकला होता आणि पाणी बाजूने झिरपत होतं! पोट फुगून उलट्या झाल्या, वारा सरणं थांबलं, तर मसाज वगैरे न करता थेट दवाखाना गाठा. पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली तर तासाचाही उशीर नको, मज्जारज्जूवर दाब असू शकतो.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. व्हिडिओवाले व्यायाम बंद केलेत, मसाजचं उद्या विचारते. स्टूल आज ठेवलं, आई म्हणते पाय लोंबकळत नाहीत तेवढं बरं वाटतं. गोळ्या लपवल्याचं डॉक्टरांना सांगू नको म्हणून ती हात धरून बसलीये. काय करू?

प्रतिसाद :
सांगाच. ती सगळा डोस घेते असं धरूनच ते पुढचा डोस ठरवणार. आणि मॉर्फीनचा आतड्यावरचा परिणाम तेवढा अडवणारी, वेदनाशमन तसंच ठेवणारी औषधंही आहेत. त्याबद्दल त्याच भेटीत विचारा.