एचएफसाठी नुसती फाइल पुरत नाही
एसडीएसची (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि खबरदारी सांगणारं पत्रक) फाइल प्रयोगशाळेच्या दाराशी लटकवली की झालं, असं काहींचं मत असतं; हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या (एचएफ) बाबतीत ते धोक्याचं आहे. 20 टक्क्यांहून सौम्य एचएफ अंगावर उडालं तर लगेच झोंबत नाही, दुखणं कधी कधी 24 तासांनी सुरू होतं. तोवर विद्यार्थी हात धुऊन पुन्हा कामाला लागलेला असतो. म्हणून फ्यूम हूडशेजारीच (घातक वाफा ओढून घेणारं कपाट) एका पानावर ठळक लिहा: दुखत नसलं तरी 5 मिनिटं वाहत्या पाण्याखाली, मग हातमोजे घालून 2.5 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहा आणि थेट हॉस्पिटल. जेल कुठल्या खणात, मुदत कधी संपते, तेही तिथेच.

या पानाची एक प्रत रुग्णाबरोबर जायलाच हवी. कॅज्युअल्टीत नुसतं ‘अ‍ॅसिडने भाजलं’ सांगितलं तर साध्या ड्रेसिंगवर भागवलं जाऊ शकतं, आणि इकडे फ्लोराइड रक्तातलं कॅल्शियम खाली आणत राहतं. ते हृदयावर बेततं.