मॅकमध्ये 'डार्विन' निघाला! हे लिनक्सच का? आणि माझ्या १९ फायली दिसतात, पण सापडत का नाहीत?

शाईवाला:

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण मुळाशी एकच असावा असा संशय आहे.

सांगलीला मामांचा छोटा छापखाना होता. गेल्या वर्षी त्यांनी तो बंद केला. यंत्रं भंगारात गेली, खिळे कधीच गेले होते, आणि माझ्या वाट्याला आला २०१२ चा एक मॅक मिनी. त्यात स्मरणिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, सगळं आहे. माझ्याकडे घरी जोडणी करून घेतलेला पीसी, त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्स. भाचा म्हणाला, "मामा, मॅक आतून लिनक्सच असतो. नेटवर्कची केबल जोडा आणि फायलींची नक्कल करणारं आरसिंक मारा." मारलं. २१२ फायली आल्या, एकही गाळली गेली नाही.

छापखान्याच्या वहीत प्रत्येक कामाचं नाव लिहिलेलं आहे. ती नावं मी उबुंटूवर बसून टाइप केली आणि नावावरून फाइल उचलून वर्षवार फोल्डरात टाकणारी एक स्क्रिप्ट लिहिली. १९३ फायली बिनबोभाट गेल्या. १९ बाबतीत उत्तर येतं, 'अशी फाइल नाही'. आता ही फाइल मला समोर दिसत्येय हो! डबल क्लिक केलं की उघडते. चष्मा पुसून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. मी तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत, जास्तीची स्पेस माझ्या नजरेतून सुटत नाही.

'आचार्यांचे पत्र', 'सूर्यनमस्कार स्पर्धा', 'कार्यकारिणी अहवाल' सापडतात. 'कर्मचाऱ्यांची पगारवाढ', 'शेतकऱ्यांचा मेळावा', 'पायऱ्यांचे बांधकाम' सापडत नाहीत. मामा म्हणाले, शेतकरी-कर्मचाऱ्यांचं काम कधी वेळेवर सापडलंय का. असो.

मॅकच्या टर्मिनलमध्ये यूनेम हा सिस्टिमचं नाव सांगणारा आदेश मारून पाहिलं, तर लिनक्स नाही, 'डार्विन १७.७.०' असं आलं. शोधल्यावर कळलं की डार्विन म्हणजे मॅकच्या तळाशी असलेली सिस्टिम आणि ती ओपन सोर्स आहे. मग ती माझ्या पीसीवर टाकता येईल का? दोन्हीकडे एकच सिस्टिम झाली की हा घोळही मिटेल, असा आपला माझा अंदाज.

खटपट्या:

डार्विन म्हणजे लिनक्सचा चुलतभाऊच समजा, टर्मिनल सेम टू सेम. पीसीवर हॅकिंटॉश करून टाका, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. फायलींचं म्हणाल तर परवानग्यांचा लोचा असणार. सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारं चमॉड ७७७ मारा, विषय संपला.

निवृत्त_रूट:

खटपट्या, प्रत्येक दुखण्यावर ७७७ चं चाटण देऊ नकोस रे. फाइल उघडतेय म्हणतात ना ते? मग परवानगी आहेच.

शाईवाले, तुमच्या १९ फायलींवर मी विचार करतोय, आत्ता हाती काही नाही. तोवर पहिल्या प्रश्नाचं सांगतो, कारण त्यात माझा एक रविवार वाया गेलेला आहे.

डार्विन लिनक्स नाही. भाचा चुकला, पण त्याला रागावू नका. एलएस (फायलींची यादी), ग्रेप (शोध), एसएसएच (दूरच्या यंत्रात शिरणं) हे आदेश दोन्हीकडे आहेत, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला फरक कळत नाही. गाभा मात्र निराळ्या घराण्यातला आहे. लिनक्सचा गाभा टॉरव्हाल्ड्सने १९९१ साली लिहायला घेतला. डार्विनच्या गाभ्याचं नाव एक्सएनयू, म्हणजे 'एक्स इज नॉट युनिक्स'. (पुढे २००७ मध्ये लेपर्ड आवृत्तीला युनिक्स असल्याचं रीतसर प्रमाणपत्र मिळालं. नाव मात्र 'युनिक्स नव्हे' हेच राहिलं.) या एक्सएनयूत तीन थर आहेत. तळाला माख, जे ८० च्या दशकात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालं. त्याला चिकटून बर्कलीचं बीएसडी युनिक्स. आणि हार्डवेअरशी बोलायला आयओ किट.

माखवर काम केलेला ॲव्ही टेव्हानियन तिथून स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीत गेला, आणि माख-बीएसडीची ही जोडी १९८९ साली नेक्स्टस्टेप म्हणून बाजारात आली. टिम बर्नर्स-लीने पहिला वेब ब्राउझर लिहिला तो १९९० मध्ये, नेक्स्टच्याच यंत्रावर. इकडे ॲपलची स्वतःची नवी सिस्टिम, कोपलंड, रखडत रखडत १९९६ मध्ये गुंडाळली गेली आणि त्याच डिसेंबरात त्यांनी नेक्स्ट विकत घेत असल्याचं जाहीर केलं. आजही मॅकचे प्रोग्रॅम लिहिणारी पोरं एनएसस्ट्रिंग, एनएसविंडो असलं काही लिहीत असतात. ते एनएस नेक्स्टस्टेपचं. सासरी पाव शतक उलटलं तरी माहेरचं नाव सुटलेलं नाही.

मार्च १९९९ मध्ये ॲपलने हा तळाचा भाग डार्विन या नावाने खुला केला. परवाना त्यांचा स्वतःचा. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी तो सुरुवातीला मुक्त मानलाच नाही, २००३ साली दुसरी आवृत्ती आल्यावर मानला. शुभंकर म्हणून एक प्लॅटिपस आहे, हेक्सली नावाचा. डार्विनच्या सहायकाचं नाव म्हणून ते ठेवलं म्हणे. आता तो गृहस्थ हक्सली, आणि तो डार्विनचा सहायक नव्हता, डार्विनच्या बाजूने भांडणारा स्वतंत्र शास्त्रज्ञ होता. पण चित्रं छापून झाली होती.

आता पीसीवर टाकण्याबद्दल. खुला आहे तो तळ. खिडक्या, फाइंडर, चित्रं, मराठी अक्षरं पडद्यावर रेखाटणारी यंत्रणा, म्हणजे तुम्ही ज्याला मॅक म्हणता ते जवळपास सगळं, बंद आहे. जोतं बघू देतात, माडीवर सोडत नाहीत. २००५ च्या सुमारास ॲपल नुसत्या डार्विनची सीडी उतरवू देत असे, इंटेल पीसीवर चालणारीसुद्धा. मी तेव्हा एका कॉलेजात सर्व्हर सांभाळायचो. शनिवारी संध्याकाळी डाउनलोड लावला, रविवारी सकाळी सीडी भाजली, अडगळीतल्या पीसीत घातली. बराच वेळ घरघर करून काळा पडदा आला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन. आत गेलो. नेटवर्क कार्ड ओळखलं नाही, आणि कार्ड मीच लॅमिंग्टन रोडवरून सर्वांत स्वस्तातलं आणलेलं, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? तासभर एलएस मारत बसलो. दुपारी जेवायला घरी जायच्या आत त्यावर परत लिनक्स होतं.

तशी सीडी आता मिळत नाही, फक्त कोड मिळतो. ओपनडार्विन नावाचा प्रकल्प २००२ ते २००६ चालला आणि बंद पडला. प्यूअरडार्विन म्हणून काही हौशी मंडळी अजून झटतात, पण त्यावर छापखान्याच्या फायली ठेवू नका. हॅकिंटॉश निराळं प्रकरण आहे. त्यात बंद भागासकट अख्खी मॅकओएस परक्या पीसीवर चढवतात, आणि ॲपलचा परवाना ती फक्त त्यांच्याच संगणकावर वापरायला देतो. शिवाय पीसीसारखाच इंटेलचा प्रोसेसर असलेल्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती २०२५ ची टाहो, असं त्यांनीच जाहीर केलंय. म्हणजे ती वाटही आता फार लांब जात नाही.

कानामात्रा:

शाईवाले काका, तुमच्या दोन्ही याद्या पुन्हा वाचा. सापडलेल्यांत आचार्य, सूर्य, कार्य. न सापडलेल्यांत कर्मचाऱ्यां, शेतकऱ्यां, पायऱ्यां. दर्या आणि दऱ्या!

तुम्ही मुद्रितशोधक आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. डोक्यावरचा रफार वेगळा आणि आडवा अर्धा र वेगळा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, रफार साध्या 'र'पासून बनतो आणि हा आडवा बहुतेक कीबोर्डवर खाली टिंब असलेल्या 'ऱ'पासून. बाकी १६ नावांतही 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' असणार, पैज लावते. तऱ्हा, वऱ्हाड, वाऱ्या, काहीतरी असेलच. या 'ऱ'चं मॅकवर नक्की काय होतं ते मात्र मला माहीत नाही. निवृत्तकाका?

निवृत्त_रूट:

वा ताई! डोक्यात लख्ख पडलं. माझं सगळं लक्ष नेटवर्ककडे होतं.

'डार्विन १७' म्हणजे मॅकओएस १०.१३, हाय सिएरा. मिनीत मूळची फिरती हार्ड डिस्क असेल तर त्या आवृत्तीत तिच्यावर जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) राहते, नवी एपीएफएस येत नाही. एचएफएस प्लस १९९८ ची आहे. एकच अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतं. फ्रेंचमधला टोपीवाला 'ई' घ्या, अख्खा एकच किंवा 'ई' अधिक टोपी. दिसायला एक आणि आतून दोन अशा फायली तयार होऊ नयेत म्हणून एचएफएस प्लस प्रत्येक नाव साठवण्याआधी त्याचे शक्य तितके तुकडे करते. आपला 'ऱ' युनिकोडमध्ये ०९३१. त्याचे तुकडे म्हणजे 'र' ०९३० आणि नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, ०९३सी. मामांनी 'ऱ' टाइप केला, डिस्कवर 'र' आणि नुक्ता उतरले, पडद्यावर पुन्हा जुळून 'ऱ' दिसला. मॅकवर कोणाला पत्ताच लागला नाही, कारण तिथे शोधतानाही आधी तुकडे होतात.

लिनक्सची नेहमीची फाइलप्रणाली यात पडत नाही. ती बाइट्स पाहते, अक्षरं नाही. आरसिंकने तुकड्यांसकट नाव आणून ठेवलं, तुम्ही यादीत अखंड 'ऱ' टाइप केलात, बाइट्स जुळले नाहीत. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर. 'आचार्य'मध्ये साधा 'र' असतो, त्याचे तुकडेच होत नाहीत, म्हणून ती बिचारी सहीसलामत.

आणि हे मी अंदाजाने सांगत नाहीये. एक्सएनयूच्या कोडमध्ये बीएसडी फोल्डर, त्यात व्हीएफएस, त्यात यूटीएफ रूपांतराची एक सी फाइल आहे. अक्षरं तोडायचं आणि जोडायचं काम तिथे चालतं. आत्ता चहा घेता घेता वाचून आलो. वीस वर्षांपूर्वी हा डार्विन चालवायला गेलो तेव्हा काही जमलं नाही, वाचायला मात्र छान आहे.

अजून एक गंमत. आरसिंकच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावांचं असं रूपांतर वाटेतच करायची सोय आहे. पण ती आवृत्ती जीपीएल ३ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आली, आणि ॲपल मॅकमध्ये त्या परवान्याचं काही घालत नाही. म्हणून तुमच्या मॅकमधलं आरसिंक २.६.९ आहे, २००६ चं. टर्मिनलमधले आदेश चालवणारं बॅशही तसंच ३.२ वर गोठलं आणि शेवटी २०१९ मध्ये त्याच्या जागी झेडशेल आलं. म्हणजे परवान्याच्या भांडणात तुमच्या शेतकऱ्यांचा मेळावा अडकला.

उपाय सोपा आहे. उबुंटूवर कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन बसवा. त्याला दोन्हीकडे यूटीएफ ८ (युनिकोड साठवायची नेहमीची तऱ्हा) सांगून एनएफसीचा, म्हणजे अक्षरं जोडून लिहायचा, पर्याय द्या, म्हणजे तुकडे पुन्हा जुळतील. पहिल्या फेरीत ते नुसतं काय करणार ते दाखवतं, करत काहीच नाही. यादी नीट वाचा, पटली तरच 'नोटेस्ट' लावून पुन्हा चालवा. आणि त्याआधी सगळ्या फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवा. मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवू नका.

शाईवाला:

ताई, पैज जिंकलात. १९ च्या १९ नावांत 'ऱ' निघाला. एक 'वऱ्हाडी मंडळींची व्यवस्था', एक 'तऱ्हेतऱ्हेची लोणची', ही महिला मंडळाची पुस्तिका होती, मीच तपासली होती.

डिस्क युटिलिटीत 'मॅक ओएस एक्स्टेंडेड' लिहिलेलं दिसलं, म्हणजे निवृत्तकाकांचं निदान बरोबर. प्रत काढली, कॉन्व्हएमव्ही आधी कोरडं चालवलं, मग खरं. १७ फायली जागेवर गेल्या. पीसीवर डार्विन टाकायचा बेत रद्द. हेक्सलीचं वाचून मात्र फार बरं वाटलं, मुद्रित न तपासता छापणारे तिथेही आहेत.

पण दोन अजून हटून बसल्या आहेत. 'पायऱ्यांचे बांधकाम' आणि 'नोकऱ्यांच्या जाहिराती'. या दोन्ही मामांकडे कामाला असलेल्या दुसऱ्या मुलाने टाइप केल्या होत्या, एवढंच मामांना आठवतंय.

कानामात्रा:

त्या मुलाचा कीबोर्ड वेगळा असणार काका. काही कीबोर्डवर तो आडवा र साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक घालून काढतात. दिसतं हुबेहूब तेच, पण तिथे 'ऱ' मुळात टाइपच झालेला नसतो, त्यामुळे कॉन्व्हएमव्हीला जोडायला काही मिळत नाही. दोनच फायली आहेत ना? नावं हाताने पुन्हा टाइप करा.

पण फाइल उघडून आतला मजकूरही पाहा. त्यानेच टाइप केला असेल तर आत शोधतानाही 'पायऱ्या' सापडणार नाहीत.

शाईवाला:

आत ८४ पानं आहेत.

खटपट्या:

काका, फाइल पाठवा, शोधून बदलायची स्क्रिप्ट मी लिहून देतो. ७७७ नाही मारणार.