लोकवर्गणीतली गुंतवणूक: पैसे घालताना काय दिसलं, काढताना काय झालं? (अनुभव धागा)

कैरीपन्हं (धागाकर्ती, ठाणे)

बँक एफडीवर सात टक्क्यांच्या आसपास देते आणि फोनवर रोज कुणीतरी बारा-चौदा टक्के नाचवतं. अनोळखी माणसाला कर्ज द्या, पाच हजारांत स्टार्टअपमध्ये भागीदार व्हा, बंगळुरूच्या ऑफिस इमारतीचा तुकडा घ्या. या सगळ्याला क्राउडफंडिंग म्हणतात. आजारपणासाठी वगैरे दिलेली मदत या धाग्यात नको, ती परत येईल म्हणून आपण देत नाही. इथे फक्त परताव्याच्या आशेने घातलेले पैसे. ॲप आणि कंपन्यांची नावं कृपया टाळा, नाहीतर धागा तिकडेच वाहत जातो. रक्कम सांगायची सक्ती नाही. दोनच गोष्टी सांगा: पैसे दिल्यावर हातात कोणता कागद आला, आणि परत काढायला गेलात तेव्हा काय झालं?

रात्रपाळी

मी पीटूपीवाला, म्हणजे ॲपवरून थेट अनोळखी माणसाला कर्ज देणारा. थोडे थोडे पैसे बऱ्याच कर्जदारांत वाटून टाकायचो, हप्ते आले की पुन्हा फिरवायचो. खरं आकर्षण व्याजाचं नव्हतंच, 'हवे तेव्हा काढा' या बटणाचं होतं. कर्जदाराने तीन वर्षांसाठी नेलेले पैसे मला उद्या कसे मिळतात, हा प्रश्न मला पडायचा. उत्तर सोपं होतं: माझ्या जागी नवा सावकार उभा करायचे, त्याचे पैसे मला.

ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे थांबवलं. एका सावकाराच्या पैशाने दुसऱ्याला मोकळं करायचं नाही, हमी परताव्याची जाहिरात करायची नाही, एस्क्रो खात्यात (सावकार-कर्जदारांचे पैसे मधल्या वेळी ठेवायचं त्रयस्थ खातं) पैसे एका दिवसाहून जास्त पडू द्यायचे नाहीत. बटण गेलं. तेव्हापासून कर्जदार जसे फेडतात तसे पैसे येतात. बुडाले असं म्हणणार नाही, पण फ्लॅटच्या डाउन पेमेंटला हवे होते तेव्हा ते माझे नव्हते. नियम मात्र बरोबरच आहे, आधी यायला हवा होता.

वजाबाकी

सीए आहे. पीटूपीत सगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून पन्नास लाखांची मर्यादा आहे, एका कर्जदाराला पन्नास हजारांहून जास्त देता येत नाहीत, आणि दहा लाखांवर जायचं तर पन्नास लाखांच्या नेटवर्थचा (मालमत्ता वजा कर्ज) दाखला लागतो. त्या दाखल्यासाठी लोक माझ्याकडे येतात. येतात ते टक्केवारी पाठ करून, कराचा हिशेब कुणी केलेला नसतो.

समजा एक लाख दिले, १४ टक्क्यांनी १४,००० व्याज आलं आणि ६,००० मुद्दल बुडालं. तुमच्या मते कमाई ८,००० ची. पण व्याज 'इतर उत्पन्नात' धरतात आणि बुडालेलं मुद्दल त्यातून सहसा वजा करता येत नाही. म्हणजे ३० टक्के स्लॅबवाल्याला १४,००० वर ४,२०० कर. सेस सोडला तरी हातात ३,८००. सात टक्क्यांच्या एफडीवर याच माणसाला ४,९०० सुटतात, आणि शांत झोप वर.

गुळपोळी_तुपासोबत

मी एका खाऊच्या स्टार्टअपमध्ये पैसे घातले होते, आमच्याच गल्लीत त्यांचा पहिला स्टॉल होता म्हणून. फॉर्मवर 'मालक बना' असं मोठ्या अक्षरात. आलेला कागद वाचला तर तो शेअर नाही, करार. कंपनी पुढेमागे विकली गेली किंवा मोठा पैसा आला, तर वाढलेल्या किमतीप्रमाणे मला रक्कम देण्याचा. मतदान नाही, सभेची नोटीस नाही, ताळेबंद मागायचा हक्क नाही. मला हे आधी कळलं होतं, तरी घातले, कारण रक्कम एका साडीची होती आणि त्यांची चकली खरंच चांगली आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरुवातीला दर आठवड्याला विक्रीचे आकडे यायचे. हल्ली दिवाळी-पाडव्याच्या शुभेच्छा येतात.

वजाबाकी

@गुळपोळी, करार देण्यामागे कारण आहे. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे खासगी कंपनी वर्षात दोनशेच्या वर लोकांना रोखे देऊ करू शकत नाही, आणि जाहिरात तर अजिबात नाही. इंटरनेटवर हजार लोकांकडून भागभांडवल घ्यायची सोय आपल्याकडे नाहीच. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिने २०१४ मध्ये चर्चेसाठी मसुदा काढला, त्याचा नियम झाला नाही. उलट २०१६ मध्ये अशा अनधिकृत प्लॅटफॉर्मपासून सावध राहा म्हणून सांगितलं. मग शेअरऐवजी करार पुढे येतो.

टूटिंगकर (लंडन)

इकडे हे सगळं कायदेशीर आहे, त्यामुळे गंमत वेगळी. २०१६ मध्ये मोंझो बँकेने क्राउडक्यूब या क्राउडफंडिंग साइटवर दहा लाख पौंड ९६ सेकंदांत उभे केले, तेव्हापासून आमच्या ऑफिसात प्रत्येकाला पुढची मोंझो आपल्यालाच सापडणार असं वाटतं. आता पहिल्यांदा आलात की चोवीस तास थांबवतात, प्रश्नपत्रिका सोडवून घेतात, आणि सामान्य गुंतवणूकदाराकडून 'माझ्या गुंतवण्याजोग्या पैशाच्या दहा टक्क्यांहून जास्त घालणार नाही' असं लिहून घेतात.

माझ्या काही कंपन्या बंद पडल्या, एक कुठल्याशा मोठ्या कंपनीने गिळली तेव्हा घातले त्यापेक्षा थोडे जास्त आले. ईआयएस या सरकारी योजनेत छोट्या कंपन्यांत घातलेल्या पैशांवर ३० टक्के करसवलत मिळते, म्हणून एकूण हिशेब जमला. सवलत काढून टाकली तर मी यात पडलो नसतो.

कर्जवाला प्रकार मात्र इथेही आटला. जगातली पहिली पीटूपी कंपनी झोपा, २००५ ची. तिने २०२१ च्या शेवटी छोट्या सावकारांचं दुकान बंद केलं, पैसे परत करून. लेंडी नावाची मालमत्ता-कर्जांची कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत प्रशासकांच्या ताब्यात गेली, तिथले लोक कित्येक वर्षं वाट पाहत राहिले.

बांधावरून (अहिल्यानगर)

तुम्ही लोक हे नवं म्हणून सांगताय. आमच्याकडे शेतकऱ्यांनी शेअर घेऊन प्रवरेचा साखर कारखाना उभा केला, १९५० चा पहिला गळीत हंगाम. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी. आज्याचा दुसऱ्या एका कारखान्याचा शेअर अजून घरात आहे. विकायचा म्हटलं तर बाजार नाही, मिळाली तर दर्शनी किंमत. पण उसाची नोंद लागते आणि दिवाळीला सभासदाची साखर येते. तोच परतावा.

मी स्वतः शेतकरी उत्पादक कंपनीचा सभासद आहे. शेतकऱ्यांच्या भागभांडवलाला सरकार जोड देतं, सभासदामागे दोन हजारांपर्यंत. लाभांश अजून बघितला नाही. सोयाबीनचं वजन आणि ओलावा आपल्यासमोर मोजतात, अडत्याकडे ते होत नव्हतं, तेवढा फरक मला पुरतो. अर्थात संचालक मंडळ आपल्या ओळखीचं आहे. शेजारच्या तालुक्यातली असती तर शेअर घेतला नसता.

नाशिकची_द्राक्षं

'शेळीत गुंतवा, महिन्याला ठरावीक रक्कम', हा आमचा प्रकार. क्राउडफंडिंग हा शब्द माहितीपत्रकावर होता म्हणून इथे लिहितेय. काही महिने पैसे आले, मग ऑफिसला कुलूप. आणणारा माणूस जावेचा भाऊ. त्याचेही अडकलेत, त्यामुळे पोलिसांत जायचं की नाही यावर घरातच खूप दिवस गेले. शेवटी आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली, १९९९ च्या एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या राज्य कायद्याखाली. त्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना द्यायची तरतूद आहे. प्रकरण विशेष न्यायालयात आहे.

कैरीपन्हं

ताई, वाईट वाटलं. जप्ती झाली का, ते कळलं की इथे लिहाल? आणि इमारतीचा तुकडा कुणीच घेतला नाही का?

सदनिका_२०४

विचार केला होता. आता सेबीच्या मार्च २०२४ च्या नियमांत छोटे रीट (अनेकांचे पैसे मिळून इमारती घेऊन भाडं वाटणारे ट्रस्ट) आलेत, मालमत्ता किमान पन्नास कोटींची आणि आपला वाटा किमान दहा लाखांचा. दहा लाख एका इमारतीत घालणारा छोटा गुंतवणूकदार मी तरी नाही.

सांजवेळ

बाबा गेल्यावर बँकेच्या पासबुकात छोट्या छोट्या जमा रकमा दिसल्या, एस्क्रो खात्यातून आलेल्या. तेव्हा कळलं की ते पीटूपीत कर्ज द्यायचे. शेअर-म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट येतं त्यात हे नसतं. कंपनीला मेल केले, मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, मग कुठे त्यांनी खातं उघडून दाखवलं. चालू कर्जं मुदतीआधी मोडता येत नाहीत, फेडतील तसे आईच्या खात्यात येतात. रात्रपाळी, तुमच्या ॲपवर नॉमिनीचा रकाना आहे का? बाबांच्या होता, रिकामा होता.

रात्रपाळी

आत्ता उघडून बघितलं. रकाना भरलेला आहे, पण बायकोला या ॲपचं नाव माहीत नाही.